घोडीच्या दुधाला फॅट किती लागते?

मंगोलियाहून परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारून राहिला, घोडीचं दूध पिलं का. हो, पिलं, आणि चांगलं वाटी भरभरून पिलं. पण खरा प्रश्न विचारला आमच्या काकांनी. नागपुरात सक्करदऱ्याला आमचं दूध संकलन आहे, आजोबांच्या काळापासूनचं, रोज पहाटे कॅन येतात, सॅम्पल काढतो, मशीनवर फॅट-एसएनएफ (एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) लागतं आणि त्यावर रेट ठरतो, अशा घरात दुसरा कुठला प्रश्न येणार. "काहून गं पोरी, फॅट किती लागते त्याले?"

एक, फार तर दीड टक्का, मी सांगितलं.

"मंग ते दूध नाही होय, पाणी होय," असं म्हणून काकांनी विषयच संपवला.

आता काका त्यांच्या जागी बरोबर आहेत. म्हशीला सहा-सात सहज लागतं, गाईला साडेतीन-चार, आणि दीड टक्क्याचा कॅन घेऊन कोणी आमच्याकडे आला तर आम्ही आधी लॅक्टोमीटर टाकून पाणी किती मारलंय ते बघू आणि मग त्याला दारातूनच परत पाठवू. पण हेच दूध, जे आपल्या रजिस्टरमध्ये पासच होणार नाही, त्याच्यावर मंगोलियातले लोक हजारो वर्षं उन्हाळे काढून राहिले आहेत, त्याचा सण होतो, त्याने देवाची पूजा होते, पाहुणचार त्याच्याशिवाय होत नाही. हे कसं काय, ते मला नीट लिहायचंय, कारण ट्रिपचे फोटो टाकले की लोक फक्त "ईईई घोडीचं दूध" लिहून पुढे जातात आणि मला ते मनापासून आवडत नाही.

आधी या दुधात कमी काय आणि जास्त काय ते सांगते, पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. फॅट तर सांगितलंच. प्रोटीन दोन टक्क्यांच्या आसपास, म्हशीच्या निम्मं, आणि त्यातही केसिन म्हणजे दूध फाटल्यावर ज्याचा गोळा होतो ते फारच कमी. म्हणजे लोणी काढायचं म्हटलं तर हाताला लागत नाही, पनीर करायचं म्हटलं तर गोळा धरत नाही, विरजण लावलं तर आपल्यासारखं कवडी दही पडत नाही, पातळ ते पातळच. आणि ताजं तसंच पिलं तर पोट सुटतं, तिथले लोकही ते सहसा ताजं पीत नाहीत. मग उरलं काय? साखर. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज या दुधात सहा-साडेसहा टक्के असते, गाय-म्हैस पाचच्या आत-बाहेर. आणि साखर जिथे जास्त तिथे यीस्टची मजा. ज्या दुधाचं तूप होत नाही, चीज होत नाही, खवा होत नाही, त्याला त्यांनी आंबवलं, आणि त्याचं जे होतं ते आयरग. कझाक, किरगीझ, बश्कीर लोक त्यालाच कुमिस म्हणतात. चवीला आंबट, पातळ, जिभेवर थोडा चरचरणारा फेस, आणि दारूचं प्रमाण साधारण दोन टक्के, म्हणजे लहान मुलंसुद्धा थोडं थोडं पितात आणि मोठी माणसं दिवसभर पितात.

आम्ही राहिलो होतो अर्खांगाई प्रांतात, एका पशुपालक कुटुंबाच्या गेरमध्ये, गेर म्हणजे त्यांचं ते गोल, दाबलेल्या लोकरीच्या नमद्याचं, उचलून नेता येणारं घर. बाकीचा ग्रुप घोडेस्वारीला गेला आणि मी मुद्दाम थांबले कारण मला धार काढताना बघायची होती. लहानपणापासून गोठ्यात वाढलेल्या माणसाला दुसऱ्याच्या गोठ्यात काय चाललंय हे बघितल्याशिवाय चैन पडत नाही.

गोठा नव्हताच. उघड्या माळावर दोन खुंट्यांमध्ये जमिनीलगत एक लांब दोर ताणलेला, त्याला झेल म्हणतात, आणि त्या दोराला शिंगरं ओळीने बांधलेली. घोड्या मोकळ्या. त्या चरत चरत कुठेही जातात पण शिंगरू इथे बांधलंय म्हणून लांब जात नाहीत, स्वतःहून फिरून येतात. धारेची वेळ झाली की घरातला पोरगा एकेक शिंगरू सोडून आईजवळ नेतो, ते दोन-चार चोखे घेतं, पान्हा सुटतो, की लगेच त्याचं तोंड बाजूला ओढायचं, पण शिंगराला तिथून हलवायचं नाही, आईच्या अंगाला टेकवून उभं ठेवायचं. दुसऱ्या बाजूने बाई एक गुडघा टेकून बसते, बादली दुसऱ्या मांडीवर, एक हात घोडीच्या मागच्या पायाला वळसा घालून पलीकडून आणि दुसरा अलीकडून, आणि धार सुरू. घोडीला सड दोनच, कास लहान, त्यात दूध साठून राहत नाही, त्यामुळे मिनिटा-दोन मिनिटांत काम खलास, पाव-अर्धा लिटर मिळालं तर मिळालं. शिंगराला परत चोखायला सोडलं की पुढची घोडी. आणि हे एकदा नाही, दर दोन-अडीच तासांनी, दिवसातून पाच-सहा वेळा. संध्याकाळी शिंगरं सोडून देतात, रात्रभर ती आईजवळ, रात्रीचं दूध सगळं त्यांचं.

त्या बाईचं नखसुद्धा दुधात लागलं नसेल इतकं साफ काम होतं. आणि घोडी लाथ मारत नाही असं नाही हं, चांगली मारते, पण शिंगरू अंगाला टेकलेलं असलं की शांत राहते. इथे मला आपल्याकडची एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. काही गोठ्यांत वासरू मेलं की किंवा वासराला दूध द्यावं लागू नये म्हणून म्हशीला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन टोचून पान्हा सोडवतात, बेकायदा आहे तरी करतात, आणि मला त्याचा भयंकर राग येतो. त्या माळावर यंत्र नाही, सुई नाही, फक्त शिंगराचं तोंड आणि बाईचा हात. पिल्लू नसेल तर दूध नाही, इतका साधा हिशोब.

दूध गेरमध्ये आलं की गाळून थंड करायचं आणि मग खोखूरमध्ये ओतायचं. खोखूर म्हणजे गाई-बैलाच्या कातड्याची मोठी पिशवी, दाराच्या बाजूला लाकडी चौकटीत टांगलेली, आत मागच्या आयरगचं विरजण कायम शिल्लक असतं. वरच्या तोंडातून एक लांब लाकडी दांडा आत जातो, खाली गड्डा असलेला, त्याचं नाव बुलूर, आणि तो वर-खाली, वर-खाली करायचा. किती वेळा? युनेस्कोने 2019 साली या खोखूरमधल्या आयरगची परंपरा मानवी वारशाच्या यादीत घेतली, त्यात लिहिलंय पाचशेपेक्षा जास्त वेळा. तिथले म्हातारे लोक विचारलं तर हजारातच बोलतात. आपण रवीने ताक घुसळतो ते लोणी वर यावं म्हणून. इथे लोणी यायचंच नाही, घुसळायचं ते हवा आत जावी म्हणून, यीस्टला जोर यावा म्हणून, आणि जे थोडंफार केसिन आहे ते गुठळी न होता बारीक बारीक राहून पेय गुळगुळीत व्हावं म्हणून. एका बाजूने जिवाणू साखरेचं आम्ल करत असतात आणि दुसऱ्या बाजूने यीस्ट त्याच साखरेची थोडी दारू आणि गॅस. मी हात लावून बघितला, दांडा वाटतो त्यापेक्षा जड जातो, आणि आतून फसफस-डचमळ असा जो आवाज येतो तो गेरमध्ये दिवसभर चालू असतो, कारण रीतच अशी आहे की दारातून आत येणाऱ्याने, पाहुणा असला तरी, दोन-चार हात मारायचे. खोखूर दाराजवळ असतं ते म्हणूनच सोयीचं. पाचशे वेळा एकट्या बाईने घुसळायचं नाही, आल्या-गेल्या सगळ्यांनी मिळून घुसळायचं.

या आवाजाची एक गोष्ट आहे आणि ती मला या सगळ्या प्रवासात सगळ्यात जास्त आवडली. मंगोल लोकांचा जो तेराव्या शतकातला जुना इतिहास आहे, 'गुप्त इतिहास' म्हणतात त्याला, त्यात चंगीझ खान अजून पोरगाच असतो, तेमुजिन नावाचा, शत्रूंनी पकडून गळ्यात लाकडी जोखड अडकवलेलं, तो पळतो, आणि रात्री अंधारात त्याला सोरकान-शिरा नावाच्या भल्या माणसाचं घर शोधायचं असतं. कसं शोधणार? त्या घरी रात्रभर पहाटेपर्यंत दूध घुसळायचं काम चालतं हे त्याला माहीत असतं. तो घुसळण्याच्या आवाजावर कान ठेवून चालत जातो आणि बरोबर त्याच दारात पोचतो, आणि ते लोक त्याला लोकरीच्या गाडीत लपवून वाचवतात. पुढे अर्धी दुनिया ज्याने ताब्यात घेतली त्याचा जीव दूध घुसळण्याच्या आवाजाने वाचला. पहाटे साडेतीनला उठून दुधाचं काम करणाऱ्या घरात जन्मलेल्या मुलीला हे वाचून काय वाटलं असेल ते तुम्हीच समजा.

हे प्रकरण किती जुनं आहे तर कझाकस्तानात बोताई नावाच्या ठिकाणी साधारण साडेपाच हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यांच्या खापरांत घोडीच्या दुधाच्या चरबीचे अंश सापडले, आणि मंगोलियात जुन्या सांगाड्यांच्या दातांवर साठलेल्या कीटणातून दुधातली प्रोटीन्स शोधली तेव्हा घोडीचं दूध इसवी सनापूर्वी 1200 च्या आसपास दिसलं. दातावरच्या कीटणातून कोण काय प्यायचं ते कळतं, म्हणजे कमालच आहे.

1253 ला रुब्रुकचा विल्यम नावाचा एक फ्लेमिश पाद्री युरोपातून निघाला आणि मंगोल सम्राट मोंके खानाच्या दरबारापर्यंत, त्यांच्या तेव्हाच्या राजधानीला, काराकोरमला गेला. त्याने लिहून ठेवलंय की पहिल्यांदा हे पेय घशाखाली गेलं तेव्हा दचकून अंगाला दरदरून घाम फुटला, पण मग फार चवदार वाटलं, आणि पिऊन झाल्यावर तोंडात बदामाच्या दुधासारखी चव राहते. ही बदामाची गोष्ट अगदी खरी आहे, आंबटपणा गेला की मागून तेच येतं, मी तर तिथेच सगळ्यांना सांगत सुटले. त्यानेच असंही लिहिलंय की फार घुसळलं की गाळ खाली बसतो आणि वर नितळ पाण्यासारखं येतं, ते मोठ्या लोकांसाठी, आणि खालचा गाळ नोकर-गुलामांना. आणि त्याच काराकोरमला पॅरिसच्या गियोम बुशे नावाच्या सोनाराने खानासाठी एक चांदीचं झाड केलं होतं, बुंध्याशी चार चांदीचे सिंह आणि त्यांच्या तोंडातून घोडीचं दूध पडायचं, वरच्या नळ्यांतून वाईन, मध घातलेली दारू, तांदळाची दारू असं सगळं. आता काराकोरमला त्यातलं काही शिल्लक नाही, शेजारी एर्देने झू मठ उभा आहे, 1585 ला सुरू केलेला, पण त्या मैदानात उभं राहून ते झाड डोळ्यासमोर आणायला मजा येते.

आता बाकीच्या जेवणाबद्दल. मंगोल लोक खाण्याचे दोन मोठे भाग करतात, पांढरं आणि लाल. पांढरं म्हणजे दुधाचं, लाल म्हणजे मांसाचं. उन्हाळ्यात पांढरं, हिवाळ्यात लाल, कारण जनावरं वितात वसंतात, दूध मिळतं उन्हाळ्यात, आणि नोव्हेंबर-डिसेंबरला थंडी उणे वीस-तीसवर गेली की मग वर्षाचं मांस कापून तसंच गोठवून ठेवतात, फ्रिजची गरजच नाही. मांसाच्या पट्ट्या थंडीत टांगून वाळवतात ते बोर्त्स, कोरडं ठणठणीत लाकूड होतं, चुरून पाण्यात टाकलं की सूप तयार. मसाला म्हणाल तर मीठ. बस, मीठ. मिरची नाही, हळद नाही, कांदा असला तर असला. आमच्या ग्रुपमधल्या एकाने नागपूरहून सावजी मसाल्याची पुडी नेली होती आणि रोज मटणाच्या सूपवर भुरभुरायचा, मला ते पटलं नाही, कारण ते मटण असं आहे की माळावरचं गवत खाऊन वाढलेल्या मेंढीची चव मिठातच कळते.

घोडीचं दूध सोडलं तर बाकी पांढऱ्या वस्तू गाय, याक, शेळी, मेंढी यांच्या दुधाच्या, आणि इथे मात्र आपल्या काकांचं मन रमलं असतं. याकच्या दुधाला फॅट भरपूर. ते मंद आचेवर तापवत, पळीने उंचावरून परत परत ओतून फेस आणतात, मग रात्रभर तसंच ठेवतात आणि सकाळी वर जी बोटभर जाड साय येते ती उरूम, ब्रेडला लावून साखर घालून खातात, मी रोज खाल्ली. आरूल म्हणजे आंबवलेल्या दुधाचा चोथा पिळून, तुकडे करून गेरच्या छपरावर उन्हात वाळवलेला, दगडासारखा कडक, तोंडात ठेवून हळूहळू चघळायचा, वर्षानुवर्षं टिकतो. सूतेइ त्साय म्हणजे विटेसारख्या दाबलेल्या चहाचा, पाणी-दूध-मीठ घालून उकळलेला चहा, आत कधी भाजलेली ज्वारीवर्गातली धान्यं किंवा मटणाचे तुकडेसुद्धा, आणि सकाळी या चहाचा किंवा दुधाचा पहिला घोट माणसासाठी नसतो, घरची बाई बाहेर जाऊन लाकडी पळीने, त्या पळीला नऊ खळगे असतात, आकाशाकडे आणि चारी दिशांना शिंपडते. ही पळी म्हणजे त्सात्साल. फार सुंदर कोरलेली असते.

खोरखोगचं सांगितलंच पाहिजे. नदीतले गुळगुळीत गोटे विस्तवात लाल होईपर्यंत तापवायचे, मग एका भांड्यात मटणाचा थर, गोटे, परत मटण, बटाटे-गाजर, मीठ, थोडं पाणी, झाकण घट्ट, आणि ते भांडं विस्तवावर. भांडं कोणतं? आपला दुधाचा ॲल्युमिनियमचा कॅन! तोच, क्लॅम्पच्या झाकणाचा, ज्याच्यात आमच्याकडे रोज चाळीस लिटर दूध येतं. मी तो कॅन बघून उभीच राहिले. बाहेरून आच आणि आतून दगड, दोन्हीकडून शिजतं, आत वाफ कोंडून धरते, तास-दीड तासात हाडापासून मटण सुटतं. आणि उघडल्यावर जेवायच्या आधी ते चरबीने माखलेले काळे गरम दगड एकेकाच्या हातात देतात, या हातातून त्या हातात झेलत राहायचे, थकवा जातो म्हणतात. चटका बसतो पण कोणी सोडत नाही. बाकी बूज म्हणजे वाफवलेली मटणाची करंजी, खूशूर म्हणजे तळलेली, ही नादामच्या जत्रेत गरम गरम मिळते, यावर जास्त लिहीत नाही, खाऊन बघायची वस्तू आहे.

नादाम 11 ते 13 जुलै असतो, कुस्ती, धनुष्यबाण आणि घोड्यांची शर्यत. शर्यत म्हणजे आपल्यासारखी मैदानातली गोल नव्हे, मोकळ्या माळावर पंधरा-वीस किलोमीटर सरळ, आणि वर बसलेली लहान मुलं. जे पहिले पाच घोडे येतात त्यांना 'आयरगचे पाच' म्हणतात, त्यांच्या पाठीवर-पुठ्ठ्यावर आयरग ओततात आणि त्यांची स्तुती मोठ्याने गातात. घोड्याची स्तुती, मालकाची नंतर. दोन वर्षांच्या शिंगरांच्या शर्यतीत जे सगळ्यात शेवटी येतं त्याचंसुद्धा गाणं गातात, पुढच्या वर्षी तू पहिला येशील म्हणून. मला ही रीत फारच भावली.

आयरगचा हंगाम जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत, मग थोडं गोठवून ठेवतात आणि त्सागान सार म्हणजे त्यांचं नवं वर्ष, फेब्रुवारीच्या आसपास, तेव्हा ते वितळवून पाहुण्यांना देतात. दूध आंबवून ऊर्ध्वपातन करून दारू पण काढतात, आर्खी, ती मात्र मुख्यतः गाई-याकच्या दुधाची. चुलीवर आंबवलेल्या दुधाची कढई, वर बिनबुडाचा उंच डबा, त्याच्यावर थंड पाण्याचं भांडं, वाफ वरच्या थंड बुडाला लागून थेंब थेंब मधल्या भांड्यात पडते. पाण्यासारखी दिसते, वास दुधाचा.

आता औषधाचा विषय, कारण आल्यापासून चार जणांनी तरी विचारलं की हे पिऊन डायबेटिस जातो का, त्वचा उजळते का, दम्याला चालतं का. बघा, घोडीच्या दुधात व्हिटॅमिन सी गाईच्या दुधापेक्षा जास्त आहे आणि जिथे भाजीच नव्हती तिथे याचा मोठा आधार होता, हे खरं. बहुतेक मंगोल लोकांच्या शरीरात मोठेपणी दुधातली साखर पचवणारं एन्झाइम नसतं, आंबवल्यावर ती साखर बरीच कमी होते म्हणून त्यांना हे सोसतं, हेही खरं, माझ्या सासऱ्यांना ग्लासभर दुधाने पोट फुगतं पण ताक चालतं तो हाच प्रकार. युरोपात या दुधाचे साबण-क्रीम विकतात. पण रोग बरे होण्याबद्दल एक उदाहरण सांगते. रशियात 1858 ला पोस्तनिकोव्ह नावाच्या डॉक्टरने समाराजवळ टीबीच्या पेशंटसाठी कुमिसचं सॅनिटोरियम काढलं, मग अशी पुष्कळ निघाली, लोक मोकळ्या हवेत राहून दिवसाला बाटल्याच्या बाटल्या कुमिस प्यायचे. चेकॉव्ह, तो मोठा रशियन लेखक, स्वतः डॉक्टर, 1901 ला लग्न झाल्या झाल्या बायकोला घेऊन अशाच एका सॅनिटोरियममध्ये गेला, रोज चार बाटल्या प्यायचा, वजनही वाढलं. आणि 1904 ला टीबीनेच गेला, चव्वेचाळिसाव्या वर्षी. खाणं मिळालं, अंग भरलं, पण जंतू तिथेच राहिले. टीबीचं औषध स्ट्रेप्टोमायसिन मिळालं 1943 ला, दुधात नाही मिळालं.

हे मी एवढ्यासाठी लांबवतेय की आपल्याकडे गाढविणीचं दूध विकणारे गल्लीबोळात फिरतात, चमच्याच्या हिशोबाने पैसे घेतात आणि महिन्या-दोन महिन्यांच्या बाळाला खोकला-कफासाठी तिथल्या तिथे कच्चं पाजतात. गाढवीण आणि घोडी दोघींचं दूध बरंचसं सारखं, दोन्ही आईच्या दुधाच्या जवळ जाणारी, म्हणून ही समजूत आली असेल. पण न उकळलेलं, न तपासलेलं दूध आणि एवढंसं बाळ, दुधाच्या धंद्यातली बाई म्हणून हात जोडून सांगते, असं करू नका, डॉक्टरकडे न्या.

आणि ज्या लोकांनी उत्साहाने सुचवलं की नागपुरात वरातीच्या एवढ्या घोड्या आहेत, सुरू कर ना घोडीच्या दुधाचा ब्रँड, त्यांना पण इथेच उत्तर देते. घोडी अकरा महिने गाभण राहते, एक शिंगरू देते, त्या शिंगराच्या वाट्याचं सोडून दिवसाला पाच-सहा धारा काढून हातात लिटर-दोन लिटर. तिथे चाळीस लाखांच्या वर घोडे आहेत आणि माळ संपता संपत नाही, तरी घोडीमागे तेवढंच निघतं. आपल्याकडे मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत शिंगराला दिवसभर बांधून ठेवून कोणाच्या फेशियलसाठी दूध काढायचं, हे मला करायचं नाही. सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकलेला माझा चुलतभाऊ तर ही आयडिया ऐकूनच चिडला.

तिथेही सगळं जुन्यासारखंच आहे असं नाही. कातड्याच्या खोखूरच्या जागी निळे प्लास्टिकचे ड्रम बऱ्याच घरी दिसतात, धुवायला सोपे म्हणून, आणि रस्त्याच्या कडेला कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटल्यांत भरून आयरग विकायला ठेवलेलं असतं. चवीत फरक पडतो, कातड्यात मुरलेलं विरजण प्लास्टिकला धरत नाही, आम्ही दोन्ही पिऊन बघितलं आणि आमच्या यजमान आजीबाई प्लास्टिकच्या ड्रमचं नाव काढलं की मान फिरवायच्या. आणि झूड. हिवाळ्यात बर्फाचा कडक थर बसतो, गवत खालीच अडकतं, जनावरं उभ्या उभ्या मरतात, 2023-24 च्या हिवाळ्यात सत्तर लाखांहून जास्त जनावरं गेली. अशा हिवाळ्यातून घोडी वाचली तरी खंगलेली असते, आजीबाई म्हणाल्या की त्या वर्षी तिला हात लावायचा नाही, आहे ते दूध सगळं शिंगराचं.

काकांना मी शेवटी आरूलचा तुकडा दिला, त्यांनी दाताने तोडायचा प्रयत्न केला नाही, शहाण्यासारखा चघळला, आणि म्हणाले की हे याकच्या दुधाचं आहे ना, याले फॅट चांगली लागत असन. मग घोडीच्या दुधावरची चर्चा परत सुरू झाली आणि दुसऱ्या दिवशी केंद्रावर येणाऱ्या शेतकऱ्यांना ते स्वतःच सांगत होते की बाप्पा, एक देश असा आहे जिथं दीड फॅटच्या दुधाले पहिला मान आहे.

जाणार असाल तर जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात जा, नादामपण बघून होतो आणि आयरगही चालू होतं, अर्खांगाई, बुलगान, ओव्होरखांगाई इकडचं नावाजलेलं आहे. शाकाहारी असाल तर उन्हाळ्यातच जा, पांढरं खाणं भरपूर मिळतं, पण सूप-नूडल्समध्ये मटण असतंच, ते आधी विचारून घ्या. वाटी समोर आली की उजव्या हाताने, डावा हात कोपराला लावून घ्यायची, थोडं तरी प्यायचं आणि परत द्यायची, ते लगेच पुन्हा भरतील. पहिल्या दिवशी अर्धी वाटी पुरे, पोटाला सवय होऊ द्या, तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मग हवं तेवढं प्या. आणि आत शिरताना दाराजवळ खोखूर दिसलं तर बुलूरला हात लावायला विसरू नका.